मर्दाची पत्रावळ, बायकांचं पाकीट

संपादकांनी फोन करून मला ‘महिला उद्योजिकेचा प्रवास’ लिहायला सांगितलं. मी विचारलं, याच अंकात राइस मिलचे मालकही लिहिणार आहेत, त्यांना ‘पुरुष उद्योजकाचा प्रवास’ लिहायला सांगितलंय का? ते हसले. मी हसले नाही. शेवटी ते म्हणाले, “बरं, तुम्हाला हवं ते लिहा.” म्हणून हा लेख प्रवासावर नाही, पत्रावळींवर आहे.

पत्रावळी विकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गोंदियाच्या बाहेर, आमगाव रस्त्याला माझी शेड आहे. आत अठरा शिवणयंत्रं, चार प्रेस, आणि पानांचे ढीग. पळसाचं पान आणि माहूलचं पान. माहूल हा जंगलातला वेल, त्याचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं, पण हाताच्या पंजापेक्षा मोठं. सालेकसा, कचारगडकडच्या बायका ती पानं तोडून आणतात, माझ्याकडच्या बायका ती शिवतात, आणि गरम साच्यात दाबून ताटाचा आकार देतात. ऐकायला सोपं आहे. पण पान जास्त वाळलेलं असेल तर सुईखाली तडकतं, ओलं असेल तर चार दिवसांत बुरशी धरतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ते ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचं. सकाळी पान दुमडायचं. आवाज आला तर परत पोत्याखाली. हे यंत्राला कळत नाही, बोटालाच कळतं.

माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कशावर चिडले ते समजेल. प्रदर्शनात मला नेहमी पापड-लोणच्यांच्या रांगेत जागा मिळते. समोरच्या रांगेत कागदी प्लेटा बनवणारा एक जण बसतो. त्याच्याकडे दोन यंत्रं. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं ‘उद्योग’. माझ्या पाटीवर ‘उपक्रम’. पाहुणे येतात, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला विचारतात, “मालक, भाव काय?” नवरा सायकल दुरुस्तीवाला, कमी बोलणारा. तो माझ्याकडे बोट दाखवतो. “तिले इचारा.” मग पाहुणे मला म्हणतात, “वा ताई, छान उपक्रम आहे.” भाव विचारत नाहीत.

थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस आले. पण केटरिंगवाल्यांनी थर्माकोल सोडलं आणि चकचकीत पातळ थर लावलेल्या कागदी प्लेटा धरल्या. तेव्हा नागपूरच्या एका जाहिरात कंपनीचा फोन आला. शहरातल्या एका पर्यावरणपूरक वस्तूंच्या दुकानाला पत्रावळी हव्या होत्या, पाकीट आणि जाहिरात ती कंपनी करणार होती. तिथून सायली नावाची मुलगी आली. हुशार, गोड बोलणारी. ती म्हणाली, “काकू, पर्यावरणाचा विचार करून खरेदी कोण करतं? घरातली बाईच. आपण थेट तिच्या मनाशी बोलू.”

मला ते पटलं. शहर तिला माहीत, मला नाही.

फोटो काढायचा ठरला. माझ्याकडची सगळ्यात जुनी शिवणारी फुलवंता. तिला नवीन हिरवी साडी नेसवली, पत्रावळ गालाजवळ धरायला सांगितली. फुलवंताच्या उजव्या तर्जनीच्या कडेला पान सरकवून सरकवून कातड्यासारखा घट्टा पडला आहे. सायलीने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मावशी, हात जरा पदराखाली घ्या ना.” फुलवंताने घेतले. आणि पाकिटावर छापून आलं:

“धरणीमातेच्या लेकींकडून, घरच्या लक्ष्मीसाठी. नाजूक हातांची हिरवी माया.”

पाकिटाचा रंग फिकट गुलाबी.

मी पाकिटाच्या कागदाच्या जाडीवर भांडले, छपाईवर भांडले, दोऱ्यावर भांडले. शब्दांवर एकदाही भांडले नाही. मला वाटलं, शब्द फुकट मिळाले. एवढा तोट्याचा सौदा मी दुसरा केलेला नाही.

कारण मी हावरटपणा केला. शहरासाठी म्हणून छापलेलं तेच पाकीट मी इकडच्या लग्नसराईलाही वापरलं. जंगलातून आलेली हंगामाची बहुतेक पानं मी शिवून, दाबून, गुलाबी पाकिटांत भरून ठेवली. पावसाळ्यापूर्वी ती गेली नाहीत तर पत्रावळींना कीड लागते. तसं झालं असतं तर अठरापैकी अर्धी यंत्रं मला झाकून ठेवावी लागली असती, आणि त्यांवर बसणाऱ्या बायका परत दुसऱ्याच्या वावरात रोजीनं धानाची रोवणी करायला गेल्या असत्या.

आणि जी गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ती मी विसरले. आमच्याकडे लग्नाच्या सामानाच्या दोन चिठ्ठ्या असतात. बायकांच्या चिठ्ठीत हळद, बांगड्या, लुगडी. पुरुषांच्या चिठ्ठीत तांदूळ, तेल, जळाऊ लाकूड, मांडव, आचारी. पत्रावळ या दुसऱ्या चिठ्ठीत. इतक्या वर्षांत एकाही नवरीच्या आईने माझ्याशी पत्रावळीचा भाव केलेला नाही. करतात ते मामा, काका, गावातले चार कर्ते. वाढायलाही पुरुषच. मी त्यांच्याशीच घासाघीस करून मोठी झाले, आणि पाकीट छापलं त्यांच्या बायकांसाठी.

फाल्गुनात पहिले गिऱ्हाईक आले. नवरदेवाचा मामा आणि त्याच्यासोबत एक मित्र. मामाने पाकीट उलटंपालटं केलं.

“हे कायचं पाकीट होय व काकू?”

“पत्रावळीचं.”

“मले वाटलं केसाच्या तेलाचं.”

मित्र खोखो हसला. मामा म्हणाला, “साध्या बंडलात नाई काय? हे घेऊन गेलो त मांडवात पोट्टे मनतील, मामानं बायकोच्या चिठ्ठीतलं सामान आनलं.”

“बायकोच्या चिठ्ठीत काय साप बसला हाये?”

“साप नाई व. पन इथं लिवून हाये ना, घरच्या लक्ष्मीसाठी. मी कोनाची लक्ष्मी होय?”

मित्र म्हणाला, “मिशा काढ, दिसशीन.”

ते समोरच्या दुकानातून चकचकीत प्लेटा घेऊन गेले. मी गावातल्या ठोक व्यापाऱ्याकडे गेले. शेठ माझे जुने गिऱ्हाईक, गोड माणूस, हिंदीत बोलणारे. त्यांनी पाकिटं दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, साबणाच्या खोक्यांवर ठेवली होती.

“भाभीजी, माल एक नंबर है. पर मेरे यहाँ खरीदने तो आदमी लोग आते हैं. ये पैकेट देखते हैं और आगे बढ़ जाते हैं. बोलो तो चूड़ीवाले के यहाँ रखवा दूँ?”

माझं डोकं फिरलं. मी शेडवर आले आणि पेंटरला बोलावलं. शेडसमोर टेम्पो उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत लिहून घेतलं:

“मर्दाची पत्रावळ. दम असेल तर फाडून दाखवा!”

नवरा शेजारीच पंक्चर काढत होता. त्याने वाचलं. म्हणाला, “फाडतील ना.”

“तुम्ही पंक्चर काढा,” मी म्हटलं.

गुलाबी पाकिटं फाडून पत्रावळी सुतळीने बांधल्या आणि टेम्पो सडक अर्जुनीच्या आठवडी बाजारात नेला. महामार्गाचं गाव, ढाब्यांवर ट्रक थांबलेले, माणसांची कमी नाही. पहिल्या अर्ध्या तासातच गर्दी जमली. एक ट्रकवाला पुढे आला, बाह्या वर केल्या आणि पत्रावळ दोन्ही हातांनी ओढली. टर्रकन फाटली. शिट्ट्या झाल्या. दुसऱ्याने दोन एकावर एक धरून फाडल्या. मग एक पैलवान आला, त्याने चार फाडल्या. पान ते पान. असं ओढलं तर लग्नातला शालूही फाटेल. मी ओरडत होते, “जेवायची होय, कुस्ती खेळायची नाही!” कोण ऐकतो? दुपारपर्यंत टेम्पोभोवती पाचोळा पडला होता.

पण खरं सांगते, माल गेला. गंमत म्हणून गेला, पण गेला. ज्यांनी फाडल्या त्यांनीच शरमेने बंडलं घेतली. दोन गावांच्या लग्नांची ऑर्डर मिळाली. पुढच्या बाजारांसाठी भरलेला माल पुरणार नाही असं वाटून मी दुपारीच शेडमध्ये येऊन सांगितलं, आता उरलेली पानं पोत्याखाली रात्रभर ठेवायला वेळ नाही, दोन तास पुरे, यंत्रं चालू ठेवा. मी जिंकल्यासारखी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले तर आवाज नाही. अठरा बायका यंत्रांसमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

“काऊन बसल्या व? लाइट गेली काय?”

फुलवंता बोलली. ती माझ्याहून मोठी, मला अगदी सुरुवातीपासून ‘तू’च म्हणते.

“लाइट हाये. टेम्पोवर काय लिवलं तू?”

“जे विकते ते लिहिलं.”

“पान बायाच तोडतात, आमी ओलवतो, आमी शिवतो, आमी दाबतो. मंग पत्रावळ मर्दाची कशी झाली? मर्दानं काय केलं? फाडली.”

कुणी तरी फिसकन हसलं. मी तापले. “तुले धंदा समजते काय?”

फुलवंताने पदर सारखा केला. “धंदा त तुया होय बाई. आमचा उपक्रम.”

वर्षानुवर्षं जो शब्द मला टोचत होता, तो तिने माझ्याच अंगात घुसवला. प्रदर्शनाच्या पाटीवर तिने तो वाचला होता, माझ्याइतक्याच वेळा. सायलीने तिचे हात लपवले तेव्हा मी गप्प होते, आणि आता मी तिचं कामच पुसून टेम्पोवर दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं. मी रागाने शेडबाहेर गेले. तासाभराने परत आले, तेव्हाही त्या तशाच बसलेल्या. मी माफी मागायला शिकलेली नाही. फुलवंताला म्हटलं, “चल, रामाजीकडे जाऊ.”

रामाजी हे आमच्या भागातले मोठे आचारी. हजार पानांची पंगत उठवणारे. एखाद्या लग्नात कोणती पत्रावळ आणायची हे मामा ठरवतात असं मामांना वाटतं, पण मामा विचारतात रामाजींनाच. रामाजींनी होकार दिला तर हंगाम वाचणार होता, नाही तर नाही. मी आणि फुलवंता त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा कढई घासणं चालू होतं.

मी गुलाबी पाकिटाची गोष्ट सांगितली, टेम्पोची सांगितली. सगळं ऐकून ते म्हणाले, “मले बाई-मर्द काई मायती नाई. पंगतीत मांडी घालून बसला का सारे सारखेच. कढी टाक.”

त्यांनी चुलीवरची कढी तीन पत्रावळींत ओतली. माझ्या दोन, एक चकचकीत कागदी. आम्ही गोल बसलो आणि पाहत राहिलो. कागदी प्लेट मऊ पडली, उचलताना वाकली, पण गळली नाही. माझी एक पत्रावळ छान राहिली. दुसरीच्या मधून थेंब पडायला लागले.

माझा चेहरा पडला. रामाजींनी पंच्याने जमीन पुसली. ते पाहणं शिव्या खाण्यापेक्षा वाईट होतं.

फुलवंताने गळकी पत्रावळ उचलली, उलटी केली, टाक्याजवळ नख फिरवलं. “हे काल शिवली. पान सुकं होतं. टाका पडला तिथं तडकलं.” मग माझ्याकडे बघून, रामाजींना ऐकू जाईल असं, “दोन तास पुरे मने.”

मी मान खाली घातली. गुलाबी पाकीट असो की लाल टेम्पो, मी तेवढा वेळ शब्दांशी खेळत होते, आणि जिथे बोट ठेवायचं ती जागा सोडून दिली होती.

“पानं रात्रभर ठेवू,” मी म्हटलं. “घाईत शिवलेला माल बाजूला काढू. रामाजी, चार दिवसांनी परत येतो.”

“या ना. कढी रोजच असते.”

चार दिवसांनी आम्ही वीस पत्रावळी नेल्या. रामाजींनी कढी, मग वरण, मग उकळतं तेल चढलेला रस्सा ओतला. एकही गळली नाही. त्यांनी स्वतः एका पत्रावळीत भात कालवून खाल्ला, हात धुतले आणि म्हणाले, “गरम कढीत टिकते, येवढं लिवा. लोकाले येवढंच पायजे.”

फुलवंता म्हणाली, “अन् मंग खत होते. ते प्लास्टिकवालं वावरात पडलं त नांगराले गुंडाळते. हे मातीत जाते. तेही लिव.”

असं आमचं नवं बंडल ठरलं. साधा खाकी कागद, वर काळी अक्षरं:

“आज कढी. उद्या खत.”

खाली छोटं, कोणी शिवली तिचं नाव. ही अट फुलवंताची. प्रत्येकीचा रबरी शिक्का. मला आवडली नाही, कारण तक्रार आली तर नाव थेट तिच्यावर जातं. तिने सांगितलं, “गळली त आमाले शिव्या देऊ दे. पन देतानी नाव त घेतील.” मी शिक्के करायला दिले.

शिक्के लागल्यापासून एक बदल झाला, तो मी ठरवलेला नव्हता. पानं दुमडून आवाज ऐकणं आता मला बघावं लागत नाही. एकमेकींच्या पोत्याखालची पानं त्याच तपासतात.

मग सायलीचा फोन आला. “काकू, तुम्ही नवीन पाकीट छापलंय म्हणे? शहरात ‘खत’ चालणार नाही हो. जेवणाच्या शेजारी तो शब्द कसा दिसेल?”

“आणि ‘नाजूक’ कसा दिसतो? तू फुलवंताचा हात धरून पाहा एकदा.”

“पण ग्राहक बायकाच आहेत काकू. त्यांना आपलेपणा वाटायला हवा.”

“बायकांना गळकी पत्रावळ चालते का? मग टिकते म्हणून सांग ना. तुमच्या दुकानात पुरुष येत नाहीत?”

“येतात. बाहेर गाडीत बसतात.”

“का बसतात? आत त्यांच्याशी कोणी बोलतच नाही म्हणून.”

ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “काकू, एक सांगू? आमच्या ऑफिसात साबण, कापडी पिशव्या, पत्रावळी, सगळं माझ्याकडे येतं. सोलर पंप आणि विजेच्या गाड्या मुलांकडे. मी मागितल्या होत्या. म्हणाले, तुझी भाषा हळवी आहे.”

मी आयुष्यभर सौद्यात समोरच्याची कमजोर बाजू शोधली आहे. ती सापडली की दाबते. त्या दिवशी नाही दाबली. म्हटलं, “ऐक. ‘नाजूक’, ‘लक्ष्मी’, ‘माया’ तिन्ही तू काढ. ‘खत’ मी पाकिटाच्या मागच्या बाजूला नेते. कुंडीतल्या झाडाला घाला म्हण. रंग खाकी.”

“फिकट हिरवा?”

“खाकी.”

“बरं, खाकी. पण फोटो मी ठरवणार.”

“ठरव.”

सौदा जमला. महिनाभराने पाकिटाचा नमुना आला. फोटोत चेहरा नव्हताच. फक्त दोन हात, पान दुमडताना, घट्टा स्पष्ट दिसणारा. फुलवंताने तो नमुना घरी नेला. आणि सायलीने कळवलं की नवीन पाकिटाचं काम पाहून तिला सोलर पंपाचं एक काम मिळालं. त्यात तिने शेतकरी म्हणून एक बाई आणि एक माणूस दोघांनाही उभं केलंय. मी म्हटलं, भाव वाढवून घेतलास ना?

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. गेल्या प्रदर्शनात माझ्या पाटीवर परत ‘उपक्रम’ होतं. मी भांडले. आता पाटीवर काहीच नाही, फक्त माझं नाव आहे. तेवढं मी मान्य केलं. काही मामा अजूनही चकचकीत प्लेटा घेतात. पण त्या वर्षी पावसाळ्याआधी शेड रिकामी झाली आणि एकही यंत्र झाकावं लागलं नाही.

शेवटचा माल सालेकसा रस्त्यावरच्या एका गावात लग्नाला गेला. रामाजींचीच पंगत होती, म्हणून आम्हाला आवर्जून बोलावणं होतं. पंगती उठल्या. मांडवामागे उष्ट्या पत्रावळींचा ढीग झाला. मी आणि फुलवंता हात धुवायला तिकडे गेलो तर दोन शेतकरी समोरासमोर उभे. दोघांच्या मागे एकेक बैलगाडी.

“मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. हे माझ्या खताच्या खड्ड्यात जाईल.”

“तुया नावानं लिवून हाये काय? मांडव माझ्या वावरात टाकला.”

“वावर तुया, पन वाढपी मी!”

“मंग वाढून राह्य. ढीग माया.”

“अर्धा दे गा, धानाच्या बांधीले लागते.”

“अर्धा नाई. चार आणे हिस्सा.”

“सहा.”

फुलवंताने मला कोपराने ढोसलं. “बाई, मंधात पड. तुले समजते हे.”

खरं तर एका वाक्यात मी तो सौदा मिटवला असता. पण माझ्या पत्रावळींवर, त्यांवरचं जेवण झाल्यावर, दोन मिशावाले पुरुष भाव करत होते. मला ते अजून थोडा वेळ ऐकायचं होतं.